सोलापुरात चोवीस तासांच्या कामाला येताना

प्रश्न थोडक्यात असा: देवरुखजवळच्या गावातली चोवीस वर्षांची मुलगी. चुलतबहिणीची दोन मुलं तिने लहानाची मोठी केलेली, पण बाहेरगावी राहून काम कधी केलेलं नाही. सोलापुरातल्या ‘जुळे सोलापूर’ या भागात एका डॉक्टर जोडप्याकडे आठ महिन्यांची मुलगी सांभाळायला राहायचं आहे, मार्चपासून या म्हणतात. घरात आजी आहेत आणि घरची बोली कानडी. विचारणं एवढंच की ऊन सोसेल का, भाषा जमेल का, परक्या गावात एकटीला करमेल का, निघण्याआधी काय ठरवून घ्यावं आणि गणपतीला घरी जाता येईल का.

तुला ‘तू’च म्हणते, वयाने बरीच मोठी आहे मी. मूळची बार्शीकडची. पुण्यात आणि सुरतेत राहून मुलं सांभाळली, आता कितीतरी वर्षं सोलापुरातच आहे. नव्या बायकांना कामावर पाठवण्याआधी चार गोष्टी सांगायचं कामही हल्ली माझ्याकडेच येतं.

ऊन आणि भाषा यांची धास्ती तू जरा जास्तच घेतली आहेस. ज्या बायका दोन-तीन महिन्यांत गाशा गुंडाळतात, त्या उन्हामुळे जात नाहीत. चोवीस तासांच्या कामात राहायचं त्यांच्याच घरात, जेवायचं त्यांच्याकडे, बोलायचं त्यांच्याशीच. आजी एखादे दिवशी फटकन बोलल्या तर घटकाभर जाऊन बसायला जागा नाही आणि मन मोकळं करायला माणूस नाही. मग साधं बोलणं डोक्यात घुमत राहतं आणि चौथ्या दिवशी बाई पिशवी भरून स्टँडवर. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: बाळाची आणि तुझी गट्टी होईल, पण पहिल्याच महिन्यात त्या घराच्या फाटकाबाहेर तुझी स्वतःची दोन-चार माणसं आणि दोन-चार जागा झाल्या पाहिजेत.

त्यासाठी सुट्टी लागते, आणि सुट्टी गावातूनच, फोनवर ठरवून यायची. पगाराच्याही आधी तेच विचार. वार कोणता, किती वाजता निघायचं, किती वाजता परतायचं. “अगं, तुला लागेल तेव्हा जा की” असं गोड उत्तर येतं. त्याचा अर्थ सुट्टी नाही असा घ्यायचा आणि पुन्हा विचारायचं. डॉक्टरांचं घर आहे, तर दोघांपैकी एकाची ओपीडी ज्या दिवशी बंद असते तो वार माग, म्हणजे ऐन वेळी सुट्टी मोडायचा प्रसंग कमी येईल.

दुसरं रात्रीचं. आठ महिन्यांचं मूल रात्री एक-दोनदा तरी उठतं. उठायचं कोणी? तू उठणार असशील तर दुपारी बाळ झोपलं की तुलाही आडवं व्हायला मिळालं पाहिजे, त्या वेळात भांडी गळ्यात पडता कामा नयेत. बाळाचे कपडे, बाळाचं खाणं, वाट्या-चमचे, तिची खोली एवढं तुझं काम. घरची धुणी-भांडी, सगळ्यांच्या भाकऱ्या, पाहुण्यांचा चहा हे वेगळं, आणि करायचंच असेल तर त्याचे पैसे वेगळे बोलायचे. अडीनडीला कुणीही हात लावतं, पण पहिल्या आठवड्यात लावू नकोस. पहिल्या आठवड्यात तू जे जे करशील, ते महिनाअखेरीस तुझंच काम झालेलं असतं.

हे साध्या कागदावर लिहा आणि दोघींनी सही करा. स्टँपपेपर वगैरे काही लागत नाही. पगार तुझ्या स्वतःच्या खात्यावर, तारीख ठरलेली. उचल घेऊ नकोस. उचल अंगावर असली की सुट्टी मागायलाही जीभ रेटत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, मूळ कार्ड कुणाकडेही ठेवायचं नाही. ब्यूरोमार्फत, म्हणजे कामाला बायका पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, येत असशील तर कमिशन कोण भरणार, तू की ते, आणि किती महिन्यांचं, हे आधी विचार आणि पावती घे. झोपायला बाळाच्याच खोलीत सांगतील, ते चालतं, पण कुलूप लावता येईल असं एक कपाट तुझं हवं. कॅमेरे कुठे कुठे आहेत तेही विचार. बाळाच्या खोलीत असला तर कपडे बदलायला दुसरी खोली.

असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड नसेल तर निघण्याआधी काढून घे, नोंदणी फुकट आहे. घरकामगारांसाठी राज्याचा 2008 चा कायदा आहे आणि त्याखाली कल्याण मंडळ आहे. 18 ते 60 वयाच्या बाईला तिथे नाव नोंदवता येतं. तू ज्यांच्याकडे काम करतेस त्यांचा दाखला लागतो, म्हणून बोलणं चालू असतानाच कानावर घालून ठेव.

आता बाळाकडे. आठवा-नववा महिना म्हणजे मूल अनोळखी चेहरा बघून रडायचा काळ. तू कितीही प्रेमळ असलीस तरी पहिले दोन-तीन दिवस ती तुला बघून ओठ काढणार. त्यामुळे आईला म्हण, पहिले चार-पाच दिवस शक्य तितकं घरी थांबा. आल्या आल्या उचलायला हात पुढे करायचा नाही. आईच्या शेजारी जमिनीवर बसायचं, वाटी-चमचा घेऊन आपलं आपण वाजवत राहायचं, तिच्याकडे फार बघायचंही नाही. ती रांगत येऊन तुझ्या बांगडीला हात लावेल, तिथून सुरुवात. मग भरवताना आई शेजारी, पुढच्या दिवशी आई दाराशी, मग आई आतल्या खोलीत. आणि आई कामाला निघताना लपून जायची नाही. बाळ रडलं तरी तोंडदेखत टाटा करून जायचं. लपून गेलं की मूल दिवसभर आईच्या पदराला चिकटायला शिकतं आणि खापर तुझ्यावर फुटतं, “ही आली आणि पोरगी किरकिरी झाली.”

सोलापुरातली एक गोष्ट तुला कोकणात कधी बघायला मिळाली नसेल, ती म्हणजे पाण्याचा दिवस. शहराला उजनीचं पाणी येतं, ते धरण शंभरेक किलोमीटरवर, आणि नळाला रोज पाणी नसतं. चार दिवसांनी, पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. पाणी आलं की घरात लग्नघाई. मोटर लावा, टाकी भरा, हौद भरा, पिंप, बादल्या, टब, घागरी, कळश्या. स्वयंपाकाची बाई धावते, आजी ओरडतात, साहेब हातात पाइप घेऊन अंगणात. आणि या गडबडीत कुणीतरी हमखास म्हणतं, “अगं, जरा ही बादली सरकव गं, बाळाला ठेव खाली.”

ठेवायचं नाही. पाण्याच्या दिवशी तुझ्या हातात बादली नाही, बाळ असायला हवं, हे आईशी आधीच बोलून ठेव. रांगणारं, धरून उभं राहायला लागलेलं मूल बादलीच्या काठाला धरतं, आत वाकतं, आणि डोकं अंगाच्या मानाने जड असल्यामुळे तोंडावर आत जातं. चार बोटं पाणी पुरतं. आवाजही होत नाही. ज्या घरात रोज पाणी येतं तिथे न्हाणीघरात एक बादली असते. इथे न्हाणीघर, मागचा पॅसेज, स्वयंपाकघराचा ओटा, जिन्याखालची जागा, सगळीकडे उघडं पाणी. पहिल्याच दिवशी घरभर फिरून भांडी किती आणि झाकणं किती ते बघ. न्हाणीघराला वरची कडी नसेल तर लावून घे, ते दोनशे रुपये मागायला लाजू नकोस. पाणी भरायची वेळ ठाऊक झाली की त्या तासाभरात बाळाला घेऊन गच्चीवर नाहीतर शेजारी जा. घरच्यांनाही बरं वाटतं, पायात मूल येत नाही. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप आणि कूलरची टाकी रिकामी करून घासून वाळवायची. घासणं तुझं काम नाही, आठवण करणं तुझं.

दुसरा धोका खाण्यातला. सोलापूर म्हणजे शेंगा. शेंगाचटणी, शेंगापोळी, आमटीत कूट, भाजीत कूट. दुपारी आजी सुपात शेंगा घेऊन फोडत बसणार, एखादा दाणा टणकन उडून कपाटाखाली जाणार, आणि संध्याकाळी बाळ रांगत जाऊन नेमका तोच शोधून काढणार. अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनळीत बसतो. म्हणून शेंगा फोडून झाल्या की केर आधी, बाकी सगळं नंतर. केर काढून झाला की स्वतः जमिनीवर पालथी होऊन कपाटाखाली बघ. उभ्याने दिसत नाही ते बाळाच्या उंचीवरून दिसतं. थंडीत हुरडा येतो, संक्रांतीनंतर बोरनहाण असतं, तेव्हा बोरं, हरभरे, गोळ्या सगळं बाळाच्या डोक्यावरून ओततात. फोटो झाले की लगेच उचलून घ्यायची.

अडकलंच तर काय करायचं ते येण्याआधी हातात बसवून घे. तोंडात बोटं घालून चाचपडायचं नाही, दाणा आणखी आत जातो. बाळ खोकत असेल, आवाजात रडत असेल तर खोकू दे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले तर ओरडून माणूस बोलव आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायला सांग. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या पंजात धरलेला, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा थापा. ही एक वर्षाच्या आतल्या मुलाची पद्धत. घरात डॉक्टर आहेत, तर पहिल्याच रविवारी त्यांच्याकडूनच बाहुलीवर करून घे. त्यांनाही कळेल, बाई कामाची आहे.

उन्हाचं सांगते. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो. तुमच्याकडे घाम निथळतो, इथे घाम कळतच नाही, वाळून जातो. ओठ फुटतात, नाकात रक्ताची खपली धरते, तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तू स्वतः तास-दोन तासाला पाणी पी, ताक पी. बाळाला बाहेर न्यायचं ते सकाळी नवाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. आठ महिन्यांच्या मुलाला दूध आणि मऊ खाणं यांच्याबरोबर उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट चालतं. सहा महिन्यांच्या आतलं असतं तर फक्त दूध. शू किती वेळा झाली ते मोज. दिवसात सहाच्या आसपास ठीक. कमी झाली, पिवळीजर्द झाली, टाळू खोल गेलेली दिसली, मूल मलूल पडलं तर संध्याकाळची वाट बघायची नाही. कूलरचा झोत थेट अंगावर नको. आणि थंडीत आजी प्रेमाने सोलापुरी चादर पांघरायला आणतील. मोठ्यांना ती छान, तान्ह्या मुलाला जड. हलकं दुपटं आणि अंगभर कपडे पुरतात. तुला मात्र पहिल्या दिवाळीला एक चादर मिळणार हे धरून चाल, इथे त्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही.

आजींबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, पण दिवसभराची खरी मालकीण त्याच. आईशी तुझा करार, आजींशी तुझा संसार. आजी म्हणतील मध चाटव, गुटी उगाळ, डोळ्यांत काजळ घाल. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, हे पक्कं. पण ते त्यांच्या तोंडावर तू सांगायचं नाहीस. “ताईंना विचारते” म्हणायचं, आणि संध्याकाळी आईला बाजूला घेऊन सांगायचं की हे तुम्ही बोला. सुनेचं आणि सासूचं काय व्हायचं ते होईल, तू मधे सापडायचं नाही. एकीचं बोलणं दुसरीकडे न्यायचं नाही. ज्यात धोका नाही ते मात्र त्यांच्या पद्धतीने कर. तेल कुठल्या हाताने लावायचं, दृष्ट कधी काढायची, पाळणा कुठल्या भिंतीला, सगळं त्यांचं ऐक. त्यांना तेवढंच हवं असतं.

भाषेचं म्हणशील तर सोलापुरात कुणी एका भाषेवर राहत नाही. पूर्व भागात विणकरांची तेलुगू, पेठांमधून कानडी, दखनी, आणि मराठी सगळ्यांना येते. ती मराठीही तुला पहिल्यांदा विचित्र वाटेल. कुणी “काय करूलालीस गं?” म्हटलं तर काय करते आहेस एवढंच विचारलंय. आजींसाठी चार कानडी शब्द घेऊनच ये: हालु दूध, नीरु पाणी, साकु पुरे, बा ये. आजींशी बोलताना शेवटी ‘री’ लावलंस की आदर झाला. बाळाशी मात्र तू तुझ्या बोलीतच बोल. अंगाई, गाणी, बडबड सगळं तुमच्याकडचं. मुलं दोन-तीन भाषा सहज उचलतात, त्याने बोलणं बिघडत नाही.

कानडी बोलणारं घर बहुतेकदा लिंगायत असतं. तसं असलं तर मासे-अंडी घरात चालायची नाहीत, आधीच विचारून घे. तुला भाताची सवय, इथे ताटात ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याची मालदांडी एकदा तोंडात बसली की तू स्वतःच मागशील. कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी हे माझ्या मते जगातलं सर्वात सोपं जेवण. पण दुपारी एक वाटी भात हवा असेल तर पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांग. उपाशी राहून कुणी मूल सांभाळत नाही. मासे सुट्टीच्या दिवशी बाहेर. उजनीची चिलापी मिळते, ती गोड्या पाण्यातली. सुरमईशी तुलना केलीस तर रडशील.

आता सुट्टीच्या दिवसाचं. पहिल्या सुट्टीला झोपून राहावंसं वाटेल. झोपू नकोस, बाहेर पड. सिद्धेश्वर मंदिर तळ्याच्या मधोमध आहे, सकाळी तिथे बसायला कुणी हटकत नाही. खरेदीला नवी पेठ. देवाधर्माची आवड असेल तर अक्कलकोट आणि तुळजापूर दोन्ही एसटीने तास-दीड तासावर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण देवळापेक्षा माणसं महत्त्वाची. संध्याकाळी बाळाला घेऊन बागेत जाशील तिथे तुझ्यासारख्याच मावश्या येतात. ओळख काढ. कुणाला किती पगार, कुठली घरं चांगली, कुठल्या ब्यूरोने पैसे बुडवले, हे सगळं तिथेच कळतं. त्यातली एक बाई अशी जोड की रात्री अकराला फोन केला तरी उचलेल. आणि त्या घराचा पूर्ण पत्ता, जवळच्या चौकाच्या नावासकट, पाठ कर. रिक्षावाल्याला सांगता आला पाहिजे आणि 108 ला पण.

एक अवघड गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. घरातल्या किंवा घरी येणाऱ्या पुरुषाने वावगं बोललं, हात लावला तर “माझाच गैरसमज असेल” म्हणून गिळायचं नाही. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. तातडीला पोलिसांचा 112, बोलायला महिला हेल्पलाइन 181. बहुतेक घरं चांगली असतात, पण हे नंबर फोनमध्ये आधीच टाकून ठेव.

राहिला गणपती. कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी जायचंच असतं, हे सोलापूरच्या लोकांना आपोआप कळत नाही, त्यांची मोठी जत्रा जानेवारीत. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, घर पाहुण्यांनी भरतं. तेव्हा तू त्यांना हवी असणार. म्हणून आत्ताच, कागदावर, सौदा कर: गड्ड्याला मी कुठे जाणार नाही, गणपतीला मला आठ दिवस द्या, पगार कापायचा की नाही तेही ठरवा. वाट सरळ आहे, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट आणि साखरपा. पण त्या दिवसांत कोकणच्या गाड्या भरलेल्या असतात, आरक्षण लवकर कर. जायच्या आधी आठवडाभर दुपारी बाळाला आजींना नाहीतर बदलीच्या बाईला झोपवू दे, तू नुसती शेजारी बस. खाण्याच्या वेळा आणि झोपायच्या खुणा एका कागदावर लिहून फ्रीजला चिकटव. आणि परतीचं तिकीट आधीच काढून बाळाच्या आईला दाखव, कोकणात गेलेली बाई परत येईल का ही धाकधूक त्यांनाही असते.